भेट म्हणून द्यायच्या गोधडीचा खर्च नेमका कसा धरावा?

टाकादोरा (फोंडा)

सप्रेम नमस्कार.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, मी हाताने गोधड्या शिवते. आमच्या घरी तिला वाकळ म्हणतात, पण पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना गोधडी म्हटल्यावर चटकन कळते, म्हणून येथे तोच शब्द वापरते. आजवर मी एकही गोधडी विकलेली नाही. भाच्यांच्या बारशाला दुपटी, लग्नात एकेरी पलंगाच्या गोधड्या आणि शेजारच्या आजीबाईंना मांडीवर घेण्यापुरती एखादी चौघडी, असे माझे देणे चालते. खर्चाचा विचारही कधी मनात आला नव्हता. तो यंदा करावा लागला आणि त्यात माझा गोंधळ उडाला आहे.

नणंदेच्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. नणंदबाईंच्या मनात असे आहे की व्याह्यांकडच्या सहा वडीलधाऱ्यांना परतीचा आहेर म्हणून माझ्या हातच्या सहा गोधड्या द्याव्यात. त्या मला म्हणाल्या, ‘वहिनी, साहित्याचे पैसे मी देते, तुमचा हात तर चालूच असतो.’ वाक्य प्रेमानेच उच्चारलेले होते, तरी रात्री अंथरुणावर पडल्यावर ‘हात चालूच असतो’ हे शब्द टोचत राहिले.

म्हणून दुसऱ्या दिवशी मागच्या गोधडीच्या पावत्या काढून बसले. ती ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब होती. वरच्या तुकड्यांसाठी चार मीटर सुती छापील कापड १६० रुपये दराने घेतले होते, त्याचे ६४० रुपये झाले. पाठीला पाच मीटर मांजरपाट ९० रुपये दराने लागला, ते ४५० रुपये. कडेच्या गोटासाठी अर्धा मीटर कापडाचे ८० रुपये, दोऱ्याच्या पाच गोळ्यांचे ३२५ रुपये, सुया आणि टाचण्यांचे ६० रुपये. कापड आणायला म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात दोन फेऱ्या झाल्या, त्यांचे बसभाडे १०० रुपये धरते. बेरीज १६५५ रुपये होते. आतल्या तीन थरांसाठी माझ्या सासूबाईंची नऊवारी आणि आईची एक सहावारी वापरली, त्यांचे पैसे अर्थातच काही नाहीत.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा, की हा १६५५ रुपयांचा आकडा खरा मानावा का? दुकानात यंत्रावर शिवलेली रजई हजार-बाराशे रुपयांत मिळते. मग ‘साहित्याचेच’ एवढे पैसे सांगताना मला ओशाळल्यासारखे होते. दुसरा प्रश्न थोडा खासगी आहे. दोन वर्षांपूर्वी एका पुतण्याला लग्नात दिलेली गोधडी, मी त्याच्या घरी गेले तेव्हा चौपदरी घडी करून इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेली दिसली. मी काही बोलले नाही. पण भेट देताना तिला लागलेला खर्च किंवा वेळ समोरच्याला सांगावा, की तसे करणे कोतेपणाचे ठरते?

हिशेबी (म्हापसा)

ताई, मी बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि घरी पत्नी गोधड्या शिवत असे, त्यामुळे या विषयावर मला दोन्ही बाजूंनी बोलता येते. तुमची बेरीज बरोबर आहे, पण वही अपुरी आहे. तिच्यात दोन नोंदी शून्य आहेत, आणि नेमक्या त्याच सर्वांत मोठ्या आहेत.

पहिली नोंद जुन्या लुगड्याची. ते फुकट मिळाले असे आपण म्हणतो, कारण ते विकत घेतले त्याला चाळीस वर्षे झाली. त्याचा आजचा भाव काढायचा असेल तर ते संपल्यावर त्याच्या जागी काय आणावे लागेल, हे पाहावे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. २.४ मीटरच्या तीन पट्ट्या कापून त्या जोडून घेतल्या, की तुमच्या मापाचे दोन थर निघतात. सहावारी साडेपाच मीटरची. तिच्यातून एक थर निघून थोडे कापड उरते. हेच थर नव्या मलमलीचे करायचे ठरवले, तर कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४४ इंचांची असल्यामुळे प्रत्येक थराला दोन पट्ट्या, म्हणजे ४.८ मीटर लागतील. मीटरला १०० रुपये धरले तरी एका थराचे ४८० आणि तिन्हींचे १४४० रुपये होतात. याचा अर्थ असा, की तुमच्या सासूबाईंच्या लुगड्याने आणि आईच्या साडीने त्या गोधडीत जवळजवळ तुमच्याएवढीच वर्गणी घातली आहे. साहित्याचा खरा आकडा ३०९५ रुपये आहे. आणि एकाच्या जागी सहा गोधड्या करायच्या तर कपाटात तेवढी सुती लुगडी आहेत का, हा प्रश्न पैशांच्याही आधी येतो. आमच्या घरात १९९० नंतर घेतलेल्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या आहेत. त्या आत घातल्या तर थर एकमेकांवर घसरतात, घाम शोषत नाहीत आणि वरच्या सुती कापडाला सुरकुत्या पडतात. त्यामुळे घरात पन्नास जुन्या साड्या असल्या, तरी गोधडीच्या उपयोगाच्या त्यातल्या पाच-सहाच निघतात.

दुसरी शून्य नोंद तुमच्या वेळेची आहे, आणि ती तर सरळ त्रैराशिकाने काढता येते. तुम्ही धावदोऱ्याच्या ओळी किती अंतरावर घालता, ते लिहिलेले नाही, पण पाच गोळे दोरा लागला यावरून मी अर्धा इंच धरतो. ६० इंच रुंदीत अर्ध्या इंचावर १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ ९० इंचांची, म्हणजे एकूण शिवण १०,८०० इंच किंवा सुमारे २७४ मीटर झाली. दोरा कापडाच्या वर-खाली जात असल्याने आणि जाडीतून उतरत असल्याने शिवणीच्या सव्वापट लागतो, म्हणजे ३४० मीटरांच्या आसपास. दहा ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ८५ मीटर दोरा असतो. चार गोळे नेमके होतात आणि गाठी, तुटणे, टोके सोडणे यांत पाचवा जातो. तुमची पावती तेच सांगते.

माझी पत्नी अशा एका ओळीला साधारण पंचवीस मिनिटे घेत असे, आणि तिचा हात मुळीच मंद नव्हता. १२० ओळींना ३००० मिनिटे, म्हणजे बरोबर ५० तास. त्याआधी कापड धुणे, वाळवणे, तुकडे कापून जोडणे, थर पसरून कच्चा टाका घालणे आणि शेवटी गोट लावणे, यांना मिळून बारा तास धरा. एक गोधडी ६२ तासांची झाली आणि सहा गोधड्या ३७२ तासांच्या. रोज दोन तास, रविवार किंवा गणेशाची चवथ अशी एकही सुटी न घेता, तुम्ही १८६ दिवस बसाल. शिगमो नुकताच संपला आहे आणि लग्न तुळशीनंतर आहे, हे लक्षात घेतले तर दिवस पुरतात असे कागदावर दिसते. पण मध्ये पावसाळा आहे, तुमचे डोळे आहेत आणि उजव्या हाताचा अंगठा आहे.

या तासांचे पैसे मागा, असे मी म्हणत नाही. मुलीच्या घरच्या कार्यात मामीने मजुरी मागायची नसते, हे मलाही कळते. माझे म्हणणे एवढेच, की आपण स्वतःसाठी दोन वह्या ठेवाव्यात. एकीत रुपये असावेत आणि ती नणंदबाईंना दाखवता येईल. दुसरीत तास असावेत आणि ती कोणालाही दाखवू नये. पण वर्षभरात किती गोधड्या द्यायच्या, याचा निर्णय त्या वहीवरून घ्यावा. पत्नीने अशी वही ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या असे लक्षात आले की ती वर्षाला साडेतीन मोठ्या गोधड्यांपलीकडे आनंदाने जाऊ शकत नाही. चौथीचा उत्तरार्ध नेहमी चिडचिडीत शिवला जाई आणि ते टाक्यांत दिसेसुद्धा.

आता खर्च उतरवण्याचे दोन उपाय सांगतो. ओळींमधले अंतर अर्ध्या इंचावरून पाऊण इंचावर नेले, तर १२० ऐवजी ८० ओळी लागतात. सोळा-सतरा तास आणि दीड गोळा वाचतो. आत जुन्या साड्यांचे सपाट थर असले तर पाऊण इंचाने काही बिघडत नाही, कारण ते थर पिंजलेल्या कापसासारखे सरकून गोळा होत नाहीत. दुसरा उपाय पाठीचा. मांजरपाटाच्या दोन पट्ट्या जोडण्यापेक्षा ९० बाय १०८ इंचांची साधी सुती दुहेरी चादर घ्यावी. मधली जोड टळते आणि उरलेल्या पट्टीतून संपूर्ण गोट निघतो. एकेरी चादर घेऊ नये, कारण ती ६० बाय ९० ची असते आणि पहिल्या धुण्यात आटली की कमी पडते.

ओसरीवरून (डिचोली)

आपल्या माणसांना द्यायच्या वस्तूचा असा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडणे मला रुचत नाही. आमच्या आजीने जन्मभर वाकळी शिवल्या, घरातल्या प्रत्येकाला एक दिली, पण तिने कधी बोटावरही मोजणी केली नाही. मोजले की ती भेट राहत नाही, व्यवहार होतो.

शेवटचा थांबा (काणकोण)

वरील प्रतिसादातील भावना मी समजू शकते, तरी आजीचे उदाहरण येथे लागू पडत नाही असे मला नम्रपणे वाटते. आजीला मोजावे लागत नव्हते, कारण ती एकटी शिवत नव्हती. आमच्या वाड्यावर भात कापून झाले की दुपारी ओसरीवर वाकळ पसरली जाई आणि चारही बाजूंनी चार बायका बसत. पन्नास तासांचे काम तेरा-तेरा तासांत वाटले जाई, आणि तेही गप्पांत. शिवाय ती वाकळ घरातल्या गरजेची असे. आज टाकादोरा ताई एका खोलीत एकट्या बसून, ज्यांना त्या ओळखतही नाहीत अशा सहा व्याह्यांसाठी शिवणार आहेत. त्यांनी तास मोजले नाहीत, तर दुसरे कोण मोजणार?

माझे माहेर कारवारच्या पलीकडे, यल्लापूरच्या बाजूला आहे. यल्लापूर, हल्याळ आणि मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी जे निसटून घाटातल्या रानात गेले, त्यांचे वंशज या समाजात आहेत. त्यांच्या बायका जी गोधडी करतात, तिला कवंदी म्हणतात. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून टाके घालायला शिकले, म्हणून खर्चाच्या दृष्टीने तिच्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगते.

आपण आधी तुकडे जोडून वरचा थर तयार करतो, मग थर पसरतो, मग कच्चा टाका, मग धावदोरा आणि शेवटी गोट, अशी पाच कामे करतो. कवंदीत ही सारी कामे एकातच होतात. खाली साडी पसरून तिच्या कडा आत दुमडायच्या, कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेने एकेक ठिगळ ठेवत जायचे आणि त्याच वेळी धावदोऱ्याने ते सर्व थरांसकट शिवत जायचे. कडेकडेने फिरत शिवण आत आत येते आणि मध्यावर संपते. वेगळा गोट नाही, वरचा थर आधी जोडणे नाही. वर हिशेबींनी जे बारा तास धरले आहेत, त्यांतले माझ्या अनुभवाने सात-आठ तास वाचतात. आणि तुकडे एका मापाचे असण्याची गरज नसल्याने शिंप्याकडचे कातरणसुद्धा चालते, म्हणजे चार मीटर नव्या कापडाचा खर्चही टळतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची लहान त्रिकोणी फुले लावतात. त्यांचा थंडीशी काही संबंध नाही, पण ती नसलेली कवंदी उघडी वाटते असे त्या बायका मानतात. माझ्या शिवणाऱ्या शेजारणीने एकदा सगळी कवंदी पूर्ण करून फुलांसाठी मनाजोगते लाल कापड मिळेपर्यंत ती चार महिने देऊ दिली नव्हती.

सहा गोधड्या हव्याच असतील तर माझी सूचना अशी, की दोन तुम्ही शिवाव्यात आणि चार नणंदबाईंनी शिवणाऱ्या बायकांकडून रीतसर पैसे देऊन करून घ्याव्यात. मग ६२ तासांचे मोल त्यांना आपोआप कळेल. मात्र तेथे घासाघीस करू नये. ज्या हिशेबाने आपण आपली मेहनत मोजली, तोच हिशेब त्यांच्या मेहनतीलाही लावला पाहिजे.

एक सावधगिरीची सूचनाही करते. घरात जुने कुणबी कापड, म्हणजे लाल चौकटीचे हातमागाचे लुगडे असेल, तर ते ठिगळांसाठी कापू नये. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणल्यापासून त्याकडे पुष्कळांचे लक्ष गेले आहे. पण खरोखरचे जुने कापड आता फारच थोड्या पेट्यांत उरले आहे. आणि त्याचा लाल रंग पाण्यात उतरतो की नाही, हे न पाहता ते पांढऱ्या मांजरपाटाशेजारी लावले, तर पहिल्याच धुण्यात तुमचे ६२ तास गुलाबी होतील. ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहण्याला एक मिनिट लागते. हे मी स्वतःच्या एका दुपट्यावर शिकले.

पागोळी (वाळपई)

आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी होते, तेथे गोधडीचे काय सांगावे. खर्चात एक बाब कोणीच धरलेली नाही, ती म्हणजे ज्याला गोधडी मिळते त्याला ती सांभाळण्यासाठी येणारा खर्च. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पाच थरांची गोधडी जूननंतर धुतली, तर आतला थर चार दिवसांतही वाळत नाही आणि तिला बुरशीचे काळे ठिपके पडतात. पणजीत तर थंडीतली रात्रही क्वचितच २० अंशांच्या फारशी खाली जाते. गोव्यातल्या माणसाला द्यायची असेल तर पाठ, वरचे कापड आणि मध्ये एकच जुनी साडी, असे तीनच थर ठेवावेत. ती हलकी होते, सुई सहज जाते, घरच्या यंत्रात धुता येते आणि माणूस ती खरोखर पांघरतो. पाच थरांची गोधडी महाबळेश्वरच्या व्याह्यांना द्यावी. कोकणातल्या व्याह्यांना ती दिली तर तिची जागा माळ्यावरच असते.

भाची क्रमांक तीन (मडगाव)

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहीत आहे, कारण येथे सगळे देणारेच बोलत आहेत.

माझ्या लग्नात मावशीने स्वतः शिवलेली गोधडी दिली. तिने काहीच सांगितले नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून आहेराच्या ढिगात ठेवली. मला शिवणातले काही कळत नाही. ती विकत आणलेली आहे असे समजून मी पहिले वर्षभर ती पाहुण्यांना अंथरायला देत असे. पुढे आईच्या बोलण्यात सहज आले, की मावशी दोन महिने दुपारची झोप सोडून ती शिवत होती आणि आतला एक थर माझ्या आजीच्या इरकली लुगड्याचा आहे. त्या दिवशी मला इतके ओशाळल्यासारखे झाले, की मी ती कपाटात ठेवून दिली, आणि मग दुसरीच चूक झाली: तीन वर्षे ती कोणीच पांघरली नाही. पागोळींनी लिहिले आहे तसे काळे ठिपके घडीच्या रेषेवर पडले.

म्हणून टाकादोरा मावशींच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की जरूर सांगावे. पण रुपये सांगू नयेत. कोणाचे लुगडे आत आहे, किती दिवस शिवले, आणि ती कशी वापरावी व कधी धुवावी, हे एका पानावर लिहून सोबत द्यावे, किंवा पाठीच्या कोपऱ्यात दोऱ्याने नाव आणि साल घालावे. पैशांचा आकडा कळला असता तर मी तेवढ्याच रकमेची परतभेट देऊन मोकळी झाले असते. आजीचे लुगडे कळल्यावर तसे मोकळे होता येत नाही.

इस्त्रीच्या टेबलाविषयी थोडे पुतण्याच्या बाजूनेही बोलते. आमच्या घरी इस्त्रीखाली नेहमी सर्वांत चांगली, सपाट आणि सुती गोधडीच असे, कारण गुठळ्या असलेल्या रजईवर इस्त्री होत नाही. तुमच्या टाक्यांची ती एक प्रकारे पावतीच समजा. पण सांगितले असते तर त्याने ती तेथे अंथरली नसती, हेही खरे आहे.

ओसरीवरून (डिचोली)

काणकोणच्या ताईंचा मुद्दा मला पटला. घरी आईला विचारले, तर ती म्हणाली की आजीसोबत नेहमी दोन जावा आणि शेजारची एक बाई शिवायला बसत असे, आणि त्या बाईला प्रत्येक वाकळीमागे एक पायली तांदूळ दिले जात. हिशेब होता, पण तो आम्हा मुलांच्या कानावर येत नव्हता, असे दिसते.

हिशेबी (म्हापसा)

पायलीभर तांदळाची ही नोंद माझ्या वहीत मी आदराने उतरवून घेतली आहे.

टाकादोरा ताई, आणखी एक लहानशी गणिती सूचना करतो आणि थांबतो. सहाही जणांना हातचे काही द्यायचेच असेल, तर माप उतरवावे. ३६ बाय ४२ इंचांचे दुपटे किंवा मांडीवर घ्यायची चौघडी केली, तर अर्ध्या इंचाच्या ७२ ओळी, प्रत्येकी ४२ इंच, म्हणजे एकूण शिवण ७७ मीटर होते. मोठ्या गोधडीला २७४ मीटर लागली होती, म्हणजे हे काम चौथ्या भागाहून थोडे अधिक आहे. शिवणीचे चौदा तास आणि बाकीच्या कामाचे चार-पाच तास धरले, तरी एक चौघडी १९ तासांत हातावेगळी होईल. पाठीला जोड द्यावी लागणार नाही, कारण ४४ इंचांच्या पन्ह्यात ३६ इंच सहज बसतात. वयस्कर माणसे संध्याकाळी आरामखुर्चीत बसताना गुडघ्यांवर अशी चौघडी घेतात. पलंगावरच्या मोठ्या गोधडीपेक्षा तिचा वापर जास्त होतो, असे मी आता स्वतःच्या वयावरून सांगू शकतो.

टाकादोरा (फोंडा)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण आधी कपाट उघडून पाहायचे होते.

आमच्याकडे उपयोगी पडतील अशी सुती लुगडी मोजून चार निघाली. त्यांपैकी दोन सासूबाईंची आहेत आणि ती बाहेरच्या कोणालाही द्यायची माझी तयारी नाही, हे ती हातात धरल्यावर मला पहिल्यांदा समजले. ही गोष्ट १६५५ रुपयांच्या बेरजेत कोठेच दिसली नव्हती. हिशेबींनी त्या नोंदीला १४४० रुपये असा आकडा दिला, तेव्हा मला तो मोठा वाटला होता. आता फार लहान वाटतो.

त्यानंतर नणंदबाईंना घरी जेवायला बोलावले आणि तासांची वही दाखवायची नाही हा सल्ला मोडून दाखवली. ३७२ हा आकडा वाचून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘वहिनी, मला वाटले होते तुम्ही मालिका बघता बघता आठवड्यात एक करता.’ त्यांचा दोष नाही. मी अकरा वर्षे प्रत्येक गोधडी ‘सहज केली हो’ असे म्हणतच दिली आहे.

शेवटी असे ठरले, की मुलीसाठी एक मोठी गोधडी मी शिवीन. तिच्यात सासूबाईंचे एक लुगडे घालीन, कारण ती त्यांची नात आहे. व्याह्यांकडच्या दोन आजींसाठी हिशेबींनी सांगितलेल्या मापाच्या चौघड्या करीन, त्याही पागोळींच्या सल्ल्याप्रमाणे तीनच थरांच्या. मुलीची गोधडी ६२ तास आणि चौघड्या ३८ तास, म्हणजे नेमके शंभर तास होतात, आणि ते चवथीच्या आधी बसतात. उरलेल्या चौघांसाठी नणंदबाई काणकोणच्या ताईंच्या ओळखीने कवंद्या करून घेणार आहेत आणि शिवणाऱ्या बायका सांगतील तो दर देणार आहेत. ताई, त्या विषयी आपल्याला स्वतंत्र निरोप धाडते. साहित्याचे पैसे मी मुलीच्या गोधडीचे घेणार नाही, चौघड्यांचे घेईन; यात काय तर्क आहे असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही.

भाची क्रमांक तीनच्या सूचनेप्रमाणे प्रत्येकीच्या पाठीवर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, नाव आणि साल दोऱ्याने घालणार आहे. पुतण्याला मात्र अजून फोन केलेला नाही. त्याच्या गोधडीच्या आत माझ्या आईच्या पाचवारीचा अर्धा भाग आहे, आणि ते सांगायचे म्हणजे इस्त्रीचे टेबल मी पाहिले होते, हेही सांगावे लागेल.

उद्या शुक्रवार आहे. म्हापशाला जाऊन दुहेरी चादर पाहते. दोऱ्याच्या गोळ्यांचा दर बदलला असेल तर येथे कळवीन.